धडधाकट निराधार

मेट्रनबाईंना आजवर कुणी बिचारी म्हटलं नव्हतं. तशी कुणाची हिंमतच झाली नसती. सरकारी इस्पितळात त्यांच्या वॉर्डात मोठे डॉक्टरसुद्धा चपला न वाजवता चालत. बाई राउंडला निघाल्या की नातेवाईक खाटेवरून टुणकन उठत, आया फरशीकडे बघत आणि बरे होत आलेले पेशंट घाबरून आणखी बरे होत. नवरा अकाली गेला तेव्हाही त्यांनी रजा संपायच्या आत युनिफॉर्म चढवला आणि एकटीच्या जिवावर पोराला इंजिनियर केलं. पुढे निवृत्ती आली. क्वार्टर सोडून त्या सासरच्या घरात, नवऱ्याच्या वाट्याच्या खोलीत राहायला गेल्या. भिंतीपलीकडे धाकटे दीर-जाऊ होते. अधूनमधून कुरबुरी होत, पण दिवस बरे चालले होते.

तेवढ्यात परदेशातून मुलाचा फोन आला. "आई, थोडे दिवस ये. हवापालट होईल."

हवा पालटली, बाकी काही पालटलं नाही. मुलगा पुलांचे नकाशे काढायचा, सून बँकेत होती, आणि दोघं सकाळी घराबाहेर पडताना आग लागल्यासारखे पळत. मेट्रनबाईंनी दोन दिवस ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी पदर खोचला. नातीची शाळा, डबे, इस्त्री, बाजार, गळका नळ, सुनेची पाठदुखी, सगळं त्यांच्या हाताखाली आलं. त्या नातीच्या खोलीत दुमजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर झोपत. वरच्या मजल्यावरून नातीचा पाय रोज त्यांच्या तोंडासमोर लोंबायचा. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. घर कसं मिलिटरीसारखं चालू लागलं. मुलाचं वजन वाढलं, सून गाणी गुणगुणू लागली.

मग एके दिवशी सुनेच्या लक्षात आलं की आईंचा व्हिसा संपत आलाय, आणि गाणं बंद पडलं.

"आई गेल्या तर आपलं कसं व्हायचं?" ती नवऱ्याला म्हणाली. दार नीट लागलेलं नसल्यामुळे मेट्रनबाईंनी ते ऐकलं आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं.

मुलाने वकील गाठला. वकील आपल्याच भाषेतला, गोड बोलणारा, टाय सैल सोडून बसलेला. त्याच्या ऑफिसात खुर्च्यांपेक्षा फायली जास्त होत्या. त्याने एक खुर्ची मोकळी करून मेट्रनबाईंना बसवलं.

"मावशी, मार्ग एकच आहे. मुलावर अवलंबून असलेली आई म्हणून कायमचं राहण्याचा अर्ज टाकायचा. तुम्हाला तिकडे कुणी नाही, तुम्ही पार निराधार आहात, मुलाशिवाय तुमचं पान हलत नाही, हे दाखवायचं."

"पान माझ्याशिवाय यांचं हलत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

"अरे बापरे! हे चुकूनही बोलायचं नाही," वकिलाने हात जोडले. "तुमच्यामुळे त्यांचं भागतं म्हटलं की तुम्ही मोलकरीण ठरता. त्याचा व्हिसा वेगळा. तो मिळत नाही."

मेट्रनबाईंनी थोडा विचार केला. खोट्या पेशंटांशी त्यांची उभी हयात गेली होती. सुट्टीसाठी कोण कसं कण्हतं, कोर्टाची तारीख चुकवायला कोण कुठली बाजू धरून चालतं, सगळं त्यांना पाठ होतं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "गुडघे दाखवते. नाहीतर अर्धांगाचा हलका झटका घेऊ. डावा हात सोडायचा आणि जीभ थोडी जड करायची."

त्यांनी तिथल्या तिथे करून दाखवलं. मुलगा घाबरून उठला. वकील त्याच्याही आधी उठला.

"आजार नको! मावशी, आजार अजिबात नको. आजारी माणूस आला की यांच्या इस्पितळांवर भार पडतो, अर्ज तिथेच फेटाळतात. डॉक्टरी तपासणीत तुम्ही घोड्यासारख्या धडधाकट पाहिजेत."

"धडधाकट पाहिजे आणि निराधारही पाहिजे?"

"बरोब्बर."

"मग मी नेमकं करायचं काय?"

"काही नाही," वकील म्हणाला. "तेच तर सांगतोय. काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं."

मेट्रनबाईंना जगात येत नसलेली ती एकच गोष्ट होती.

डॉक्टरी तपासणी उत्तम झाली. नाडी बघता बघता डॉक्टर खूश झाला आणि काय खाता म्हणून विचारू लागला. खरी पंचाईत घरी होती. व्हिसा खात्याच्या अधिकारीबाई घर पाहायला येणार होत्या आणि बसण्याची तालीम काही केल्या जमेना. सून त्यांना सोफ्यावर बसवून अंगावर शाल घाली, आणि दूध उतू जाण्याचा नुसता वास आला की शाल एकीकडे, सासूबाई दुसरीकडे.

"आई, अगं जळू दे ना ते दूध!" मुलगा ओरडायचा.

"जळू दे कसं? घासणार कोण, तू?"

त्यात आणखी एक अडचण निघाली. अर्जात त्यांना स्वतंत्र खोली आहे असं लिहिलं होतं. मग मुलगा-सुनेने आपली बेडरूम रिकामी केली. मोठा पलंग, खिडकीजवळ खुर्ची, उशाशी पाण्याचा तांब्या, भिंतीवर मेट्रनबाईंचा आणि कैलासवासी यजमानांचा लग्नातला फोटो. मुलाने तिकडे काकांना फोन करून पढवलं. "काका, ते व्हिडिओवर विचारतील. तुम्ही एवढंच म्हणा, आम्हाला जमणार नाही. बाकी काही बोलू नका. आणि काकूंना बोलू देऊ नका."

ठरल्या दिवशी अधिकारीबाई आल्या. उंच, शांत, बूट दाराशी काढून पायमोज्यांवर चालणाऱ्या. सोबत दुभाषी बाई, जिची मराठी इकडे राहून जरा गोठली होती. वकील आधीच येऊन कोपऱ्यात बसला होता. मेट्रनबाई शालीखाली स्वतःचेच हात एकमेकांत धरून सोफ्यावर होत्या.

सून चहा करायला गेली. आतून एकेक डबा उघडल्याचा आवाज येऊ लागला. साखर कुठे असते हे तिला माहीत नव्हतं. मेट्रनबाई ओठ आवळून बसल्या. वरच्या फळीवर, निळ्या झाकणाची बरणी, असं त्यांच्या घशापर्यंत आलं होतं. चहा शेवटी बिनसाखरेचा आला. अधिकारीबाईंनी एक घोट घेऊन कप बाजूला ठेवला.

"तुम्ही दिवसभर काय करता, असे विचारतात," दुभाषी बाई म्हणाली.

"बसते," मेट्रनबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक निघाला. लाजेने निघाला होता, पण अधिकारीबाईंनी मान हलवून काहीतरी लिहिलं.

"तुमची खोली दाखवाल का?"

मेट्रनबाई उठल्या आणि सवयीने सरळ नातीच्या खोलीचं दार उघडलं. मुलाने झेप घेतली. "आई, इकडे, अगं इकडे! वय झालंय ना, विसरते हल्ली."

वकिलाला ठसका लागला. "विसरत नाहीत! स्मरणशक्ती उत्तम आहे," तो घाईघाईने म्हणाला. "तपासणीत तसं लिहिलंय. स्मरणशक्ती उत्तम, फक्त निराधार आहेत."

अधिकारीबाईंनी मोठी बेडरूम पाहिली, खिडकी पाहिली, लग्नाचा फोटो पाहिला. मग बैठकीत येऊन त्यांनी तिकडे व्हिडिओ लावायला सांगितला.

पडद्यावर दीर आले. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावून, फोटोला बसल्यासारखे. त्यांच्या खांद्यामागून जावेचा अर्धा चेहरा दिसत होता.

"वहिनी परत आल्या तर तुम्ही त्यांना ठेवून घ्याल का?"

दिरांनी खाली बघून पाठ केलेलं म्हटलं, "आम्हाला जमणार नाही."

मुलाचा जीव भांड्यात पडला. पडतो न पडतो तोच जावेचा पूर्ण चेहरा पुढे आला.

"जमणार नाही म्हणजे? असं कसं बोलता तुम्ही, परक्या लोकांसमोर? अहो बाई, आमच्यात अशी पद्धत नाही. मोठ्या जाऊबाई म्हणजे मला आईसारख्या. त्यांना आम्ही टाकू? उद्या गल्लीत तोंड दाखवायचंय मला!"

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. वकिलाने डोळे मिटून घेतले. दुभाषी बाईने एकेक शब्द इमानदारीने पोचवला.

"मग त्या कुठे राहतील?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"कुठे म्हणजे? त्यांच्या खोलीत. हक्काची खोली आहे त्यांची इथे."

"ती खोली दाखवाल का?"

दिरांनी गळ्याचं बटण सोडलं. "रेंज जरा कमी आहे," ते म्हणाले. रेंज चांगली होती. अधिकारीबाई थांबल्या. थांबायची त्यांना सवय असावी.

"दाखवायची म्हणजे... तिथे आता जरा पसारा आहे," जाऊ म्हणाली. पण मघाशी एवढं बोलून बसल्यावर तिला माघार घेता येईना. फोन हलला, चौकट गेली, दार उघडलं. भिंतींना गुलाबी रंग दिला होता. मधोमध नवा डबल बेड होता, त्यावर पुतण्याची बायको केस विंचरत बसली होती. ती दचकून उठली आणि पडद्याबाहेर गेली.

"माझं कपाट कुठे गेलं?" मेट्रनबाईंनी विचारलं. आपण निराधार आहोत, आपण नुसतं बसायचंय, हे त्या विसरून गेल्या होत्या.

"आहे की. गच्चीवर आहे. वर ताडपत्री घातलीय."

"आणि खाट?"

"ती कुरकुरायची हो, जाऊबाई. भंगारवाला दारात आलाच होता."

"मला सांगितलं नाहीत."

"सांगणार होतो. यांचं रोज आज सांगू, उद्या सांगू. पोराचं लग्न झालं, जागा नको का? आणि तुम्ही काय, आता मुलाकडे कायमच्याच गेल्यात."

"आणि मी उद्या आले असते तर?"

"कळवून आला असता ना! काहीतरी केलंच असतं. बाहेरच्या खोलीत गादी टाकली असती." जावेचा आवाज एकदम उतरला. "म्हणजे... किती दिवसांसाठी?"

दुभाषी बाईने तेही हळू आवाजात पोचवलं. अधिकारीबाईंनी एक ओळ लिहिली आणि पेनाला टोपण लावलं.

मेट्रनबाई शाल धरून बसल्या होत्या. गेले कितीतरी दिवस त्या हे सोंग घोकत होत्या, आणि ज्यांना फसवायचं होतं त्यांच्याच समोर त्यांना कळलं की सोंग कधीचं खरं झालं होतं. वॉर्डात त्यांनी किती जणांना मन घट्ट करायला सांगितलं असेल. आता स्वतःला सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी शाल काढून तिची चौकोनी घडी घातली.

अधिकारीबाईंनी शिफारस होईल असं सांगितलं आणि मुलापुढे हमीपत्र ठेवलं. दुभाषी बाईने वाचून दाखवलं: अर्जदाराला स्वतंत्र खोली, देखभाल आणि विश्रांती देण्यात येईल. घरकामासाठी त्यांचा वापर होणार नाही. याची खात्री करायला खात्याचे लोक न कळवता केव्हाही येऊ शकतात. मुलाने वाकून सही केली, सुनेने हसत साक्ष घातली.

दार लागलं तसा वकील उडालाच. "मावशी, पाया पडतो! काय काम केलंत! ते कपाटाचं तर लाजवाब. जावेला कधी शिकवलंत हो एवढं?"

"काकूने पण कमाल केली," मुलगा म्हणाला. "मी तिला नको नको म्हणत होतो."

मेट्रनबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या. मोठ्या पलंगावर आडव्या झाल्या. भर दुपारी त्या याआधी फक्त बाळंतपणात आडव्या झाल्या होत्या.

संध्याकाळी सून उशा न्यायला आली. "आई, झालं आता सगळं. आमचं सामान परत इकडे लावते हं."

"राहू दे."

"पण..."

"न कळवता येतील म्हणाल्या ना त्या? उद्या आल्या आणि मी दुमजली पलंगावर सापडले तर? तुझ्या नवऱ्याने सही केलीय."

सुनेला ते पटलं. म्हणजे, न पटून करणार काय? त्या दोघांनी बैठकीतला सोफा उघडून बिछाना केला. काही आठवड्यांनी रहिवासाचं कार्ड आलं. केक कापला, फोटो काढले. मग मुलगा दाराशी येऊन घुटमळला.

"आई, माझी कंबर धरलीय गं त्या सोफ्यावर. कार्ड तर आलं आता."

"सकाळी गरम पाण्याने शेक. आणि रोज पालथा झोपून पाय उचल, डावा, मग उजवा. मी दाखवते." त्यांनी खरंच दाखवलं, पलंगावरच. "आणि आत येताना दारावर टकटक करत जा."

त्या काही अगदीच बसून राहिल्या नाहीत. मनात आलं की नातीची वेणी घालत, मनात आलं की बाजारात जात. पण कामाला त्या आता पाहुणीसारखा हात लावत, आणि कंटाळा आला की अर्ध्यावर सोडून खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. सुनेला साखर सापडू लागली. मुलाच्या सदऱ्यांना इस्त्रीच्या वेड्यावाकड्या घड्या पडू लागल्या, तरी तो पूल सरळच काढत होता.

एकदा त्यांनी दिराला फोन केला. दीर पहिल्या शब्दापासूनच अजिजीने बोलू लागले.

"रागावू नका हो वहिनी. ही जरा..."

"कपाट सुनेला द्या तुमच्या. चांगलं सागाचं आहे, पावसात सडेल. माझ्या साड्या तेवढ्या पाठवून द्या."

"सगळ्या?"

"सगळ्या," मेट्रनबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग उगाचच जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

खात्याचे लोक पुढे कधीच आले नाहीत. वकील तर म्हणायचा, ते कधी येतच नाहीत, कागदावर लिहायचं म्हणून लिहितात. मुलाने हे आईला दोनदा सांगून पाहिलं. ती दोन्ही वेळा "असेल" म्हणाली आणि कूस बदलून झोपली.