गोडं पाणी

मी तोंडाचा फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. रत्नागिरीत रस्त्याच्या कडेला माझी पत्र्याची शेड आहे. तिथं मी मोटारींचं रंगकाम आणि पॉलिश करतो. एखादा शहाणा धुळीनं भरलेली गाडी कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसताना दिसला, की मी त्याच्या हातातलं फडकं हिसकावून घेतो आणि वर दोन शब्द सुनावतो. रंगावर धूळ घासायची म्हणजे आपल्या हातानं ओरखडे काढायचे. आधी पाणी सोडावं, मग पुसावं. एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसांनाही कळत नाही. गिऱ्हाईक रागावतं, पण येतं परत माझ्याकडंच.

मोटारींकडं वळायच्या आधी वीस वर्षं मी बंदरावर होड्या रंगवल्या. खाडीपलीकडच्या भाट्याच्या जानूची होडीही मीच रंगवायचो. हा जानू सत्याहत्तर साली दाभोळच्या बाहेर वादळात गेला. होडीची फळीसुद्धा मिळाली नाही. मागं राहिली त्याची बायको गुणवंती आणि दोन मुलगे. थोरला बाळा मुंबईला गिरणीत लागला आणि हळूहळू तिकडचाच झाला. आधी गणपतीला यायचा, मग तेही सुटलं. उरला धाकटा शिवा. गुणवंतीनं त्याच्याकडून नारळावर हात ठेवून शपथ घेतली होती, की दर्यात जाणार नाही आणि मुंबईलाही जाणार नाही. आता भाट्यात राहून या दोन्ही गोष्टी टाळायच्या म्हणजे माणसानं करायचं काय? शिवानं ड्रायव्हिंग शिकून घेतलं आणि चौऱ्याऐंशीच्या दसऱ्याला चिपळूणच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची वापरलेली काळी अँबेसेडर घेतली.

गाडी जुनी असली तरी पत्रा खणखणीत होता. डॉक्टरांनी ती लेकीसारखी जपलेली. मी स्वतः तिला रबिंग करून तीन हात वॅक्स चढवलं. आतलं रेक्झिन साबणाच्या फेसानं धुऊन सावलीत सुकवलं, डॅशबोर्डवरचे डाग काढले. बॉनेटमध्ये तोंड दिसायला लागलं. शिवा एका लॉजचे पाहुणे गणपतीपुळ्याला आणि पावसला न्यायला लागला. रोज घरी जेवायला, रोज घरी झोपायला. गुणवंती मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायची, तिथं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, माझा पोरगा घरात हाय. दुसऱ्या बायांची पोरं घरात नव्हती, म्हणून हे सांगण्यासारखं होतं.

दर महिन्याला शिवा गाडी माझ्याकडं पॉलिशला आणायचा. जानूचा मुलगा म्हणून मी त्याच्यावर जरा जास्तच ओरडायचो. पहिल्याच शिमग्याला दारांच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेले दिसले. नखानं खरवडलं तर खाली तांबूस भुगा. समुद्रकाठच्या गाड्यांना गंज धरतोच, खारा वारा कुणाला चुकलाय? पण इतक्या लवकर नाही. मी खरवडलं, खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरली, प्रायमर मारला, रंग दिला. चार महिन्यांत फोड पुन्हा वर आले. पुढच्या शिमग्याला तर मी गाडी आठ दिवस ठेवून घेतली, दोन्ही बाजू नव्यानं रंगवल्या आणि शिवाला म्हटलं, "तू गाडी चालवतोस की बुडवतोस?"

"लवूकाका, आई रोज सकाळी धुते तिला. आतून-बायेरून. मी उठायच्या आदी गाडी लखलखीत आसते," तो म्हणाला.

मला वाटलं, चला, घरात एक तरी शहाणं माणूस आहे.

शहाऐंशीच्या मे महिन्यात मुंबईचं एक जाडजूड गिऱ्हाईक पावसला निघालं होतं. वाटेत एक म्हैस आडवी आली, शिवानं ब्रेक दाबला आणि मागं बसलेल्या त्या गृहस्थांनीही घाबरून पाय दाबला. त्यांचा पाय तळाचा पत्रा फोडून खाली गेला. गाडी थांबत आलेली म्हणून पाय वाचला, चप्पल तेवढी रस्त्यावर राहिली. बाजारात दोन दिवस लोक या चपलेवर हसत होते. मीही हसलो. मग शिवा गाडी घेऊन आला, मी खालचं फाटलेलं रबरी मॅटिंग उचललं आणि माझं हसू गेलं.

तळ असा उरलाच नव्हता. पत्र्याला बोट लावलं की पापुद्रे सुटत होते. कडांना पांढरी खपली धरलेली. मी थोडी जिभेवर ठेवली. मीठ.

"गाडी पुळणीत नेतोस?" मी ओरडलो. "पाहुण्यांना मजा म्हणून लाटांत घालतोस?"

"देवाशप्पत नाय, काका."

"मग हे मीठ आभाळातून पडलं?"

पोराचा चेहरा बघून खोटं बोलत नाही हे कळत होतं. मग माझ्या डोक्यात आलं, की मे महिन्यात भाट्यातल्या कित्येक विहिरी खाऱ्या होतात. गुणवंती त्याच पाण्यानं गाडी धूत असणार. तळाच्या भोकावर फळी टाकून शिवा गाडी घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी पूल ओलांडून त्यांच्या घरी पोचलो. शिवा झोपला होता. मी दारातल्या विहिरीत पोहरा सोडला, ओंजळभर पाणी प्यायलो. पाणी गोड होतं.

तेवढ्यात खाडीकडच्या वाटेनं गुणवंती येताना दिसली. डोक्यावर कळशी, कमरेवर दुसरी. अठ्ठावन्न वर्षांची बाई, उजवा गुडघा सुजलेला, एक पाय टेकत दुसरा ओढत चालत होती. अंगणात येऊन तिनं कळशी उतरवली, गाडीची चारी दारं उघडली आणि कळशीभर पाणी सीटांच्या खाली फेकलं. होडी आतून धुतात तसंच, एका झोकात. मग दुसरी कळशी टपावरून ओतली आणि लुगड्याच्या धडप्यानं दिवे पुसायला लागली.

"वयनी," मी म्हटलं, "हे पाणी कुठलं?"

"खाडीचा. ही दुसरी खेप, अजून चार हायत," ती दिवे पुसता पुसता म्हणाली. "पावसाचे महिने सोडले तर एक दिस चुकवलंलं नाय."

"आणि ही दारातली विहीर?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी खुळा आहे. "वीस वरसा होड्या रंगवलंस आनि इतका कळत नाय? गोड्या पान्यान होडी कुजता, खाऱ्यान टिकता. माज्या सासऱ्यान होडीला गोडा पानी कदी लागू दिलान नाय. आनि तूच तर सांगितलंलं माका. दसऱ्याच्या दिशी मी इचारलं, लवू, ह्या गाडीला रोज काय करायचा? तू म्हनलास, होडीला करतेस तसा कर."

मला आठवलं. दसऱ्याचा दिवस, शेडमध्ये डझनभर गाड्या, सगळ्यांना सकाळीच पूजेला गाडी हवी, माझे हात थिनरनं भाजलेले. कुणीतरी मागून काही विचारलं आणि मी मान न वळवता तुटकपणे उत्तर देऊन मोकळा झालो. लाकडाला मीठ राखतं आणि लोखंडाला खातं, हे दोन्ही धंदे केलेल्या माझ्यासारख्या माणसानं सांगायचं नाही, तर कुणी सांगायचं? एवढं एक वाक्य बोललो असतो तर गाडी आणखी दहा वर्षं चालली असती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी तोंड उघडलं. पण दारात शिवा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"लवूकाका, चाय घ्या आदी," तो म्हणाला आणि माझा दंड धरून मला आत घेऊन गेला. चुलीपाशी तो हळू आवाजात बोलला, "गाडी गेली ना?"

मी मान हलवली. तळच नव्हे, खालचे आडवे पत्रे आणि ज्याच्यावर दारं उभी असतात ते खांबही पोखरले होते. रंग लावून झाकण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"मग आईला सांगू नका. डॉक्टरांच्या वेळंलाच पत्रा सडलेला व्हता, म्हनून सांगीन मी."

"अरे, पण तिला कळायला नको?"

"कळून गाडी परत येतली काय?" शिवा म्हणाला. बाहेर गुणवंती तिसऱ्या खेपेला निघाली होती. कळशी चुंबळीवर ठेवताना ती कण्हली, ते आम्ही दोघांनीही ऐकलं.

पंधरा दिवसांत शिवा मुंबईला गेला, दुसऱ्याची टॅक्सी चालवायला. त्यानं शपथ मोडली, तरी आईनं त्याला अडवलं नाही. एसटीपाशी ती नुसती उभी होती, हातात सुक्या बांगड्यांची पुडी, आणि गाडी सुटल्यावर ती पुडी तिच्या हातातच राहिलेली मी पाहिली. अँबेसेडर माझ्या शेडमागं आणून ठेवली. पाऊस तिच्यावर पडत राहिला.

नारळी पौर्णिमेच्या आधी एका दुपारी गुणवंती शेडमध्ये आली. रिकामी पाटी उतरवून डब्यावर बसली. मग म्हणाली, "लवू, माका झोप लागत नाय. मी तिला इतकी जपलंय, मग ती कुजली कशान? शिवा सांगता, आदीच सडलेली व्हती. पन तूच म्हनलेलास ना, पत्रा खनखनीत हाय?"

"म्हटलं होतं."

"मग माज्या ध्यानात आला. शिमग्याला ती आठ दिस तुज्याकडं व्हती. खरा सांग. हितं तू तिला नळाच्या पान्यान धुतलंस ना?"

नळ तिच्या समोरच होता, थेंब थेंब गळत. मी तिच्या सुजलेल्या गुडघ्याकडं पाहिलं. दीड वर्षं, रोज सहा खेपा. मला खरं सांगायचं होतं. खरं न सांगता राहण्याची सवय मला नाही.

"होय," मी म्हटलं. "नळाच्याच पाण्यानं धुतली. चुकलं माझं, वयनी."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पदर तोंडाला लावून रडली आणि रडता रडता म्हणाली, "तू तरी काय करनार? तुज्याकडं खाडी कुठं हाय?" जानू गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

मग डोळे पुसून तिनं मला पत्र लिहायला सांगितलं. ती सांगेल तसं मी लिहिलं. बाबा शिवा, तिकडच्या गाडीला नळाचं पाणी लावू नको. आळस करू नको. मुंबईलाही दर्या आहे. मी माझ्या हातानं हे शब्द लिहिले आणि पत्र पेटीत टाकलं.

बारा दिवसांनी शिवाचं उत्तर माझ्या पत्त्यावर आलं. बाजारातून परत जाताना ती ऐकायला थांबली. आई, तू सांगितलंस तसंच करतो, रोज खाऱ्या पाण्यानं धुतो, गाडी चांगली आहे, असं त्यानं लिहिलं होतं. गुणवंतीनं ते मला तीनदा वाचायला लावलं. "बग, पोरांना सांगावा लागता," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान दिसलं. "आता गनपतीला आला की इचारते त्याला नीट. आनि काय लिवलान?"

खाली अजून दोन ओळी होत्या. या वर्षी गणपतीला येणं जमणार नाही, लवूकाका, तुम्हीच तिला कसंही करून सांगा.

"एवढंच," मी म्हटलं आणि पत्राची घडी घातली.