बेटावर गेलेला ठिगळांचा तंबू

मित्रांनो, मला जुना म्हणा, ठिगळांचा म्हणा, मी हसून ऐकून घेईन. फाटका मात्र म्हणू नका. मी एक तंबू आहे, आणि ज्या बाईने मला शिवले तिची शिवण आजवर कुठेही उसवलेली नाही. एवढा ताठा मला शोभतो असे मला वाटते. माझी गोष्ट ऐकलीत तर तुम्हालाही वाटेल.

माझा जन्म ताडपत्रीच्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, जमिनीवर कापडाचे ढीग आणि त्या ढिगांत बसून शिवणाऱ्या बायका. मालट्रकांवर टाकायच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छपरे, होड्यांची झाकणे, सगळे तिथे तयार होई. मला शिवणारी बाई त्या बायकांपैकीच एक. घरात तिला आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो. तसा माझा हक्कच आहे.

समुद्रात काही तासांवर एक बेट होते. नारळाची झाडे, पांढरी वाळू, हिरवेनिळे पाणी. तिथल्या हॉटेलांसाठी निळ्यापांढऱ्या पट्ट्यांची छते आमच्याच कारखान्यात शिवली जात. आईने अशी किती छते शिवली असतील, तिलाच ठाऊक नाही. ती छते लाँचमध्ये बसून बेटावर जात. आई मात्र कधीच गेली नव्हती.

त्या वर्षी तिने मनावर घेतले. घरात चौघे जण होते. आई, दुकानांच्या पाट्या रंगवणारे बाबा, बाबांचे वडील म्हणजे आजोबा, आणि एक लेक. लेक एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. बाबा हॉटेलांचे भाव विचारून आले, पायरीवर बसले आणि एकापाठोपाठ दोन तांबे पाणी प्यायले. तेवढ्यावरून सगळ्यांना कळायचे ते कळले. भिंगरीचा चेहरा पडला, कारण तिने शाळेत आधीच सगळीकडे सांगून ठेवले होते.

आईने मात्र हातातले काम थांबवले नाही. ती एवढेच म्हणाली, "राहायचं घर आपण सोबतच घेऊन जाऊ."

तेच घर म्हणजे मी. कारखान्यात कापड बेतून उरलेले तुकडे एका कोपऱ्यात पडत. मालकांना विचारून आईने त्यातले चांगले घट्ट तुकडे निवडले. जेवणाच्या सुट्टीत चार घास खाऊन ती मशीनवर बसे. माझी पाठ ट्रकच्या हिरव्या ताडपत्रीची, पोट खाकी, दाराचा पडदा केशरी, आणि कडेला हॉटेलच्या छतातली निळीपांढरी पट्टी. प्रत्येक जोड तिने दुहेरी शिवला आणि दोऱ्याला मेण लावले. माझ्या कोपऱ्यांत पितळी कड्या ठोकल्या तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की आपण कापड राहिलो नाही, आपण कोणीतरी झालो.

मला घरी आणून अंगणात उभा केला, तर शेजारचे गोळा झाले. एकाने विचारले, सर्कस कधी सुरू होणार. बाबा ओशाळले. त्यांचा रंगांशी रोजचा संबंध, त्यामुळे माझे रंग त्यांच्या डोळ्यांत जरा जास्तच खुपत. हे घेऊन बेटावर गेलो तर लोक आपल्याकडे तिकीट मागतील, असे ते कुरकुरले. पण दुसऱ्या दिवशी तेच ब्रश घेऊन बसले आणि माझ्या दारावर सुबक वळणदार अक्षरांत लिहिले : 'हॉटेल आपलेच. खोली एक. समुद्र मोफत.' शेजारी पुन्हा हसले, पण या वेळी बाबाही त्यांच्यात होते.

हंगाम सरत आला होता. त्या दिवसांत बेटावर गर्दी कमी, कारण आभाळाचा भरवसा नसतो. पर्यटकांच्या बोटीऐवजी आमची मंडळी मालवाहू लाँचने निघाली. कांद्याची पोती, सिमेंट, गॅसच्या टाक्या, कोंबड्यांचे पिंजरे आणि आम्ही. माझे गाठोडे मधोमध ठेवले आणि त्यावर आजोबांना बसवले. त्यांचे गुडघे दुखत. वाटेत ते म्हणाले, लाँचमध्ये सगळ्यांत मऊ जागा माझीच. मला गुदगुल्या झाल्या.

धक्क्याजवळ एका बाईंची नारळाची बाग होती, आणि बागेच्या तोंडाशी त्यांची चहाची टपरी. सगळे त्यांना बागवाली मावशी म्हणत. त्यांनी बागेत तंबू ठोकायला परवानगी दिली, भाडे नको म्हणाल्या. फक्त नारळाच्या खाली झोपू नका, एखादा टाळक्यात पडला तर चहासुद्धा कामाचा नाही, असे बजावले. वाळूत मेखा धरेनात. ठोकली की निघे. मग आईने कापडी पिशव्यांत वाळू भरली, त्या खोल पुरल्या आणि माझे तणावे, म्हणजे ताणायचे दोर, त्यांना बांधले. मी असा ताठ उभा राहिलो की मावशी चहाची किटली हातात घेऊन बघतच राहिल्या.

आता तुम्हाला वाटेल, पैसे कमी म्हणजे मजाही कमी. तसे काही नाही. समुद्र कोणाला खिसा विचारत नाही. आजोबा प्लास्टिकचे स्टूल घेऊन उथळ पाण्यात बसत. लाटा कमरेपर्यंत येत आणि त्यांचे गुडघे निवत. जेवायला हाका मारल्या तरी उठत नसत. लाँचवाल्याने भिंगरीला पाण्यात घालायचा जुना चष्मा दिला होता. तिने पट्ट्यांचे मासे पाहिले, निळा तारामासा पाहिला, आणि पाण्यातून डोके वर काढून ती तिथूनच सगळे सांगत राही. दोनदा तिच्या नाकातोंडात पाणी गेले. चालता चालता एकदा आईला तिने शिवलेले हॉटेलचे छत दिसले. तिने कडेची शिवण चिमटीत धरून पाहिली, मान हलवली आणि पुढे निघाली. माझ्याकडे परतल्यावर तिने हे मला नाही, आजोबांना सांगितले. पण मी ऐकले.

आता जे सांगतो ते मला सगळ्यांत जास्त आठवते.

मावशींच्या टपरीचे छत मधोमध फाटले होते. बाबांनी ते पाहिले आणि एक सौदा करून आले. मावशींना म्हणाले, माझी बायको हे छत चुटकीसरशी शिवून देईल, त्या बदल्यात तुमचा होडीवाला भाऊ आम्हाला होडीतून प्रवाळाच्या खडकांपर्यंत नेईल. मावशी कबूल झाल्या. बाबा खुशीत परतले. होडीचे भाडे वाचले होते, आणि भिंगरीने त्या खडकांचा जप लावला होता.

आई तेव्हा स्टोव्हवर भात करत होती. त्याआधी तिने विहिरीवरून पाणी आणले होते, सगळ्यांचे कपडे पिळून दोरीवर टाकले होते, अंथरुणांतली वाळू झटकली होती. तिने बाबांचे सगळे ऐकून घेतले आणि स्टोव्ह बारीक केला.

"मी इथे सुट्टीवर आलेय," ती म्हणाली. "सुई मी घरी ठेवून आलेय."

सुई घरी नव्हती. दाभण, सुई, मेणाचा दोरा, सगळे माझ्याच कोपऱ्यातल्या पिशवीत होते आणि ते चौघांनाही ठाऊक होते. बाबा जाऊन पाण्याच्या कडेला बसले. आजोबा स्टूल उचलून हळूहळू त्यांच्याजवळ गेले. वारा माझ्या बाजूला वाहत होता, म्हणून मला ऐकू आले.

"आपण आलो त्या दिवसापासून सुट्टीवर आहोत," आजोबा म्हणाले. "तिची अजून सुरूच झाली नाही रे."

बाबा बराच वेळ वाळूत रेघोट्या ओढत बसले. मग उठून आले, माझ्या कोपऱ्यातली पिशवी घेतली आणि आईला म्हणाले, "शब्द मी दिलाय, तर शिवणार मीच. तू आज कशालाही हात लावायचा नाहीस."

मित्रांनो, ब्रश धरणारा हात दाभण धरायला लागला की काय होते, ते मी पाहिले. बाबांनी आधी दोरा उलटा ओवला. मग अंगठ्याला दाभणाने टोचून घेतले आणि अंगठा तोंडात धरून टपरीभोवती एक फेरी मारली. इकडे स्टोव्हवरचा भात भिंगरी आणि आजोबांनी सांभाळला, म्हणजे खाली लावला. करपल्याचा वास आला तशी आई उठू लागली. आजोबांनी तिला तिथेच अडवले. "सूनबाई, करपू दे. पडून राहा."

ती माझ्यात आली, पाय दाराबाहेर काढून आडवी झाली. थोडा वेळ माझे टाके बघत राहिली. मी माझा हिरवा भाग जमेल तेवढा ताणून धरला, ऊन तिच्या तोंडावर येऊ नये म्हणून. समुद्राकडून वारा येत होता, तो मी माझ्या केशरी पडद्याने हळू करून आत सोडत होतो. आणि आईला झोप लागली. दिवसाउजेडी झोपलेली आई मी तोवर पाहिलीच नव्हती. कारखान्यात नाही, घरात नाही. तिच्या बोटांना सुयांनी पाडलेले घट्टे होते, आणि ती बोटे वाळूवर अगदी सैल पडली होती. पुढे मी पुष्कळ लोकांना सावली दिली, पण माझ्या जन्माचे सार्थक झाले ते त्या दुपारी.

उन्हे उतरल्यावर ती जागी झाली आणि टपरीकडे गेली. बाबा शेवटची गाठ मारत होते. टाके असे गेले होते की मुंग्यांची रांग वाट चुकून भलतीकडे निघालीय असे वाटावे. आईने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते तिला जमले नाही. मग तिने दोन्ही हातांनी छत धरून जोरात ओढले. शिवण हलली नाही.

"दिसायला कशीही असो, पक्की आहे," ती म्हणाली.

बाबांनी हे वाक्य त्या संध्याकाळी मावशींना, लाँचवाल्याला आणि एका अनोळखी पाहुण्याला ऐकवले.

दुसऱ्या दिवशी सगळे होडीतून खडकांकडे गेले आणि मी राखणीला मागे राहिलो. दुपारी आभाळ काळवंडले. वाऱ्याने असा जोर केला की किनाऱ्यावरच्या खुर्च्या लोळत गेल्या. पाऊस आडवा यायला लागला. माझे तणावे करकरले, बांबू वाकले. पोटात माझ्या चौघांची अंथरुणे, काडेपेटी, आजोबांच्या गोळ्या होत्या. मी वाळू घट्ट धरून उभा राहिलो. खरे तर आईने पुरलेल्या पिशव्यांनी मला धरले होते, पण त्या क्षणी मला ते आठवले नाही. मंडळी ओलीचिंब होऊन धावत आली, तेव्हा तंबू उडाला असेल असेच धरून चालली होती. आत येऊन पाहतात तर काडेपेटी कोरडी. बाबांनी पहिल्याच काडीत स्टोव्ह पेटवला. आईने माझ्या बांबूला पाठ टेकवली. मला तेवढे पुरले.

परतल्यावर माझे नाव झाले. ज्यांनी सर्कस म्हणून हिणवले, तेच आधी मागायला आले. कितीतरी घरे माझ्यामुळे समुद्र पाहून आली. नवी जोडपी आली, लेकुरवाळी आली, एकदा तर निवृत्त झालेल्या तीन परिचारिका आल्या आणि आठवडाभर पत्ते खेळल्या. मग एका कुटुंबाने घाईघाईत मला ओलाच गुंडाळून परत दिला. घरात कोणी उघडून पाहिले नाही. मी तसाच माळ्यावर गेलो.

काळोखात ओल आतल्या आत पसरते. माझ्या खाकी पोटावर बुरशीचे ठिपके उमटले, कापड कुजायला लागले. खालून आवाज येत. आजोबांचा आवाज येईनासा झाला. भिंगरी शिकली, नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. माझी आठवण कोणालाच नव्हती, आणि मी कोणाला हाक मारू शकत नव्हतो.

माळा साफ करताना आईनेच मला खाली काढले. तिचे केस पांढरे झाले होते. वास आला तसे बाबा म्हणाले, टाकून देऊ. आईने मला गच्चीवर उन्हात पसरले, साबणाने घासले आणि कात्री आणली. मित्रांनो, मी घाबरलो, खोटे कशाला बोलू. पण तिने कुजलेले तेवढेच कापले आणि चांगले चांगल्याला जोडले. चौघांचा होतो, तो दोघांचा उरलो.

गेल्या थंडीत आई आणि बाबा मला घेऊन पुन्हा निघाले. दोन अंथरुणे टाकली की मी भरतो. कोणी दाटीवाटीची तक्रार केली नाही. मी लहान झालो याचे मला जे थोडेसे दुःख होते, ते त्या दोघांना शेजारी शेजारी बसून चहा पिताना पाहिले आणि विरघळले. मी त्यांच्या मापाचाच झालो होतो.

म्हणून एवढेच मागणे आहे. आम्हा तंबूंना, पिशव्यांना, छत्र्यांना काम झाल्यावर उन्हात वाळवा आणि मग घडी घाला. वाऱ्यापावसाला आम्ही पुरून उरतो, ओल्या घडीपुढे मात्र आमचे काही चालत नाही. आणि सुट्टीला जाल तेव्हा एकदा मागे वळून पाहा. तुमच्यातले कोणी अजून पाणी भरत असेल, कपडे पिळत असेल, तर त्याच्या हातातले काम तुम्ही घ्या. भात करपला तर करपू द्या.