कपाळावरचं हरण

मी एक पायगाडी, म्हणजे तुमची सायकल, बोलतेय. माझ्या कपाळावर रंगवलेलं जनावर तुम्हाला मासा वाटेल, पण ते कुत्रं आहे. हसा खुशाल. माणसांच्या अकलेला मी एवढी हसलेय, एकदा तुमचीही पाळी.

मी जन्मले विलायतेत. तेव्हा माझ्या कपाळावर उडी मारणाऱ्या हरणाचा पितळी बिल्ला होता आणि चाकांना भरीव रबर. ठाण्याच्या एका साहेबाने मला बोटीतून आणवलं, दोन हिवाळे मिरवलं आणि बदली झाल्यावर कोपरीच्या काळुराम पाटलाच्या गळ्यात मारलं. प्लेग यायच्या आदल्या सालची ही गोष्ट.

काळुराम मिठागरांचा मालक. मिशा भरघोस, आवाज दणदणीत, पण माझ्यावर बसायला शिकताना कोपरीतला एकही उकिरडा त्याने सोडला नाही. शिकला मात्र. मग दर आठवड्याला मला तरीच्या होडीत घालून खाडी ओलांडायची, वाटेतली मिठागरं बघायची आणि बांधाबांधाने डोंबिवली गाठायची, हा त्याचा नेमच झाला. तिथे त्याची लेक शालू दिली होती. मागे सुकटीचं गाठोडं, वर काळुराम आणि खाली मी. बांधावर गुरं चढू नयेत म्हणून बाभळीचे काटे टाकलेले असत. ते माझ्या रबरात घुसत आणि तिथेच मोडत. मी तक्रार केली नाही. केली असती तरी ऐकतो कोण!

अशात कल्याणचा पोपटशेट कोऱ्या सिंहछाप पायगाडीवरून आला. तिच्या चाकांत म्हणे हवा भरलेली. गादीवर बसल्यासारखं वाटतं, असं तो सांगत होता. तिच्या बदल्यात त्याला मी हवी होते. इतकी चांगली वस्तू हा का देऊन टाकतोय, हा प्रश्न बैलबाजारात काळुरामने सगळ्यात आधी विचारला असता. इथे तो त्याला सुचलाच नाही.

ओट्यावर पंचायत बसली. हरण बरं की सिंह, यावर चार जण तावातावाने भांडले. चौघांपैकी एकही जन्मात पायगाडीवर बसलेला नव्हता. शेवटी ठरलं, गावात पत्रिका बघणाऱ्या विठ्ठल जोशांना विचारावं.

लग्न जुळवताना जोशी एक गंमत करतात. माणसाच्या नक्षत्राप्रमाणे त्याला एकेक जनावर वाटून दिलेलं असतं, त्याला योनी म्हणतात. नवऱ्याच्या आणि नवरीच्या जनावरांचं वैर निघालं, की स्थळ बाद. जोशांनी तोच नियम मला लावला. काळुरामचं नक्षत्र मूळ, म्हणून योनी कुत्र्याची. आणि माझ्या कपाळावर हरण!

"पाटील, कुत्र्याहरणाचं हाडवैर. ही घरात ठेवू नका," जोशीबुवा म्हणाले.

"तरी बोलतो, ही सारखी मना उकिरड्यावर का पाडायची!" काळुराम म्हणाला.

ऐकून माझे आरे तापले. तोल याचा जाणार आणि वैरी मी!

पोपटशेट सिंह वापरून बघायला ठेवून गेला. काळुराम तिच्यावर बसून ऐटीत डोंबिवलीला निघाला. दुसऱ्या दिवशी परतला तो पायी, सिंह खांद्यावर. बांधावरच्या काट्यांनी दोन्ही चाकांतली हवा काढून घेतली होती.

त्याची बायको सगुणा दारातच उभी होती. "गेलेलं तिच्यावर बसून, आलं तिला बसवून!"

"चाकाचं काय, ते नीट होईल. पन वैर मोडत नाय," काळुराम म्हणाला. "उद्या हरण पोपटशेटला देऊन टाकतो."

तेव्हा सगुणाचा आवाज चढला. "अवं, शालूचं दिवस भरत आलंत. निरोप आला तर जायाचं कसं? सिंहाला खांद्यावर घेऊन पोचाल तवर पोर रांगाया लागंल!"

काळुराम मिशा चोळत बसला. पण विचार बदलला असं समजू नका. माणूस निरुत्तर झाला की आणखी हट्टाला पेटतो.

सगुणा मात्र हुशार. तिने उलथनं आणलं, माझ्या कपाळावरचा बिल्ला उचकटला आणि चुलीमागे भिरकावला. "घ्या. आता हिला योनीच नाय. कुनाशी वैर करंल?"

मला फार लागलं, खोटं कशाला सांगू. तो बिल्ला मला आवडायचा. पण मी राहिले.

जोशीबुवांना बोलावून दाखवलं, तर ते म्हणाले, रिकामं कपाळ बरं नाही, तिथे कुत्रं काढा. रघूला बोलावलं. रघू होड्या रंगवणारा. हयातभर त्याने फक्त मासे काढलेले. त्याने काढलेल्या कुत्र्याला पाय चार आहेत, पण शेपटी माशाचीच.

रंग वाळतो न वाळतो तोच डोंबिवलीचा निरोप आला. काळुराम उठला तो थेट माझ्यावर. काटे, खड्डे, चिखल, काही म्हणून पाहिलं नाही आम्ही. पोचलो तेव्हा शालू कळा देत होती आणि बापाचा आवाज ऐकून तिला हुंदका फुटला. थोड्या वेळाने नातू झाला. काळुराम डोळे पुसत बाहेर आला, माझ्यापाशी वाकला आणि त्या माशाच्या शेपटीच्या कुत्र्याला हात जोडून म्हणाला, "इमानी जात! तूच तारलंस!"

चाकं माझी, काटे मी खाल्ले, आणि नमस्कार कुत्र्याला!

बाराव्या दिवशी डोंबिवलीत बारशाला जोशीबुवांनी बाळाचं नक्षत्र सांगितलं: अनुराधा. योनी हरणाची.

आजा कुत्रं, नातू हरण. सगुणा बाळाला घेऊन पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, "बोला, ह्याला कुनाशी बदलायचा? पोपटशेटला इचारू?"

काळुरामने बाळाला उराशी घेतलं. इतकं घट्ट, की ते रडायलाच लागलं.

सिंह पोपटशेटकडे परत गेला आणि त्या दिवसापासून बदलायची भाषा घरात कोणी काढली नाही. मी आजही कोपरीच्या ओटीवर उभी आहे. एवढंच मागणं आहे, तो हरणाचा बिल्ला अजून चुलीमागे राखेत पडलाय. मला नका लावू, पण त्या पोराला खेळायला तरी द्या.