नाटक कंपनीची वाटणी

मुखरूने जंगलाचा पडदा ओढून आपल्या ढिगावर टाकला आणि राजवाड्याचा पडदा पायानेच धनराजकडे सरकवला. वडशाच्या त्या गोदामात दोघांची नाटक कंपनी मोडत होती. हंगामाच्या शेवटच्या प्रयोगात काहीतरी बिनसलं होतं आणि तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणूनच वाटणी करायला त्यांनी शाळेत गणित शिकवणाऱ्या इंदुताईंना बोलावलं होतं.

इंदुताईंनी दाराच्या फळीवर खडूने सामान मांडलं आणि प्रत्येक आकड्याला दोनाने भाग देत गेल्या. पडदे झाले, दिवे झाले. ऑर्गनपाशी त्यांचा हात थांबला.

"इथी बाकी एक उरते," त्या म्हणाल्या. "हा कोनाले?"

कोपऱ्यात कपड्यांच्या ट्रंकेवर कलाबाई बसल्या होत्या. कंपनी निघाली तेव्हापासून राणीचं काम त्याच करत. अलीकडे राणीच्या आईचं.

"आनं मी कोनाकडे जाऊ?" त्यांनी विचारलं.

मुखरू उगाच एका दोरीची गाठ सोडवू लागला.

"तुमी आता आराम करा नं, बाई," धनराज म्हणाला.

"कंपनी काढाले माह्या पाटल्या मोडल्या. तवा तुमी दोघंही म्हनले, कलाबाई, कंपनीत तुमचा भाग राह्यला."

"आमी तं ते मदत समजलो."

"मदत म्हनून कोनी मांगल्या नवत्या."

मुखरूने दोरी खाली ठेवली.

"भागच म्हनलं होतं, धनराज," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याने हे नाव घेतलं होतं.

इंदुताईंनी तळहाताने दोन पुसले आणि तिथे तीन लिहिले.

"मंग तिघांत भाग देते."

"नोका देऊ, बाई." कलाबाई उठल्या. "तुमच्या शाळेत भाग म्हंजे तोडनं असन. यायनं मले देल्ला तो भाग म्हंजे मालकी हाय नं?"

"हो."

"मंग मले पुसल्या-इचारल्याबिगर कंपनी कशी मोडते?"

इंदुताईंनी फळीकडे पाहिलं, पण खडू उचलला नाही. धनराज पडद्यांच्या ढिगावर टेकला.

"पुसतो मंग," तो म्हणाला. "बसा, बाई."

"उभीच बरी हाओ," कलाबाई म्हणाल्या. "पुसा."