डाव्या हाताची करवत

माझं नाव कारभारी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून लक्ष्मीबाई मला चारचौघांत "आमचे कारभारी" म्हणते, म्हणजे नाव न घेता रोज नावच घेते. हे तिला तीस वर्षांत कोणी लक्षात आणून दिलेलं नाही. मीही नाही. घरात एवढी एक गंमत उरली आहे, ती कशाला घालवा.

मी सुतारकामाचा मिस्तरी. सात महिन्यांपूर्वी हर्सूलला एका बंगल्यात माळ्याची दारं बसवताना घोडीवरून खाली आलो आणि उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. ऑपरेशन झालं, गळ्यातला पट्टा निघाला. डॉक्टर म्हणाले, "जेवा, लिहा, दाढी करा. पण वजन धरून पुढे रेटायचं काम या हाताला सांगू नका." सुतारकामातून रेटणं काढलं की खाली उरतो भुसा. पण हे डॉक्टरांना काय सांगणार!

मेव्हण्यानं शेंद्र्याला एका कंपनीच्या गेटवर नोकरी बघून ठेवली होती. निळा शर्ट, शिट्टी आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशवीत डोकावणं. त्याला मी सोमवारपर्यंत थांब म्हणालो, कारण सोमवारी श्रीधररावांच्या फ्लॅटचं काम सुरू व्हायचं होतं. श्रीधरराव आणि प्रमोदिनीताई हे बँकेतून निवृत्त झालेलं जोडपं. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या घराची दारं मी केली, त्यातलं एकही अजून चौकटीला घासत नाही. आता त्यांना सगळं घर नवं करायचं होतं. प्रमोदिनीताई फोनवर म्हणाल्या, "कारभारी, कापणारा हात तुमचाच हवा. खुर्चीत बसून दुसऱ्याला बोट दाखवणार असाल तर आत्ताच सांगा, आम्ही रेडीमेडवाल्यांना बोलावतो." रोखठोक बाई. मला राग आला नाही, त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की सोमवारी माझ्या हातानं सरळ कापता येतं का नाही. आलं तर मिस्तरी, नाही तर शिट्टी.

लाकूड कापायची माझी जुनी वायरची मशीन धोंड्यासारखी जड. तिला हातच लावता येईना. "बॅटरीवाली घ्या पप्पा, हलकी असते," संस्कृती म्हणाली. ही माझी मुलगी. तेवीस वर्षांची, वाळूजला एका कंपनीत माल तपासते. केसाएवढा फरक दिसला की सबंध पेटी परत पाठवते. तिनं चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहून एक कागद तयार केला आणि रविवारी सकाळी तो माझ्यासमोर ठेवला. त्या कागदानं माझ्या डोक्याचा पार भुगा केला.

"अठरा व्होल्टची घ्यायची का वीसची?" मी विचारलं.

"दोन्ही एकच असतात."

"मग आकडे दोन कायला?"

"वीस म्हणजे बॅटरी फुल भरल्यावर. अठरा म्हणजे काम करताना."

म्हणजे लग्नाच्या पत्रिकेतलं वय आणि खरं वय, असं मी धरून चाललो. पुढं 'ब्रशलेस' होतं. ब्रशलेस म्हणजे आत कार्बन नसतो. मग झिजतं काय, असं मी विचारलं, तर ती म्हणाली काहीच नाही. न झिजणारी वस्तू मी आजवर पाहिलेली नाही, त्यामुळे तिथं मला शंकाच आली. मग पातं एकशे पासष्ट मिलिमीटरचं का एकशे पंच्याऐंशी, दाते चोवीस का चाळीस. 'नुसती बॉडी' असं लिहिलेलं काहीतरी स्वस्तात होतं, पण त्यात बॅटरीही नाही आणि चार्जरही नाही. मी मान डोलावत राहिलो. तीस वर्षं काम केलेला मिस्तरी, आणि पहिलीतल्या पोरासारखा बसलो होतो.

खरी गोष्ट त्या कागदावर नव्हतीच. कोणती का मशीन असेना, धरायची कोणत्या हातानं? हे मी कोणाला विचारलं नव्हतं, कारण त्यासाठी मला एक गोष्ट कबूल करावी लागली असती.

मोंढ्यात सोमनाथचं हत्यारांचं दुकान आहे. मी तिथं त्याच्या वडिलांच्या काळापासून जातो. सोमनाथनं काउंटरवर चार मशीन मांडल्या आणि एक माझ्या उजव्या हातात दिली. "धरून बघा मामा. लई हलकी हाय."

धरली. पंधरा मोजेपर्यंत खांद्यातून कळ निघाली आणि मशीन थरथरायला लागली. सोमनाथ पटकन दुसरीकडं बघायला लागला. मला त्याची ती दया नको होती. दुसरी हलकी काढा, तिसरी काढा, असं म्हणत संस्कृती कागदावर खुणा करत होती. मला सहन होईना.

"सोमनाथ," मी म्हणालो, "मी डावरा हाये."

"कोण?"

"मीच. जन्मापासून."

संस्कृतीची मान वर आली. "तुम्ही? पप्पा, तुम्ही डावखुरे?"

"व्हय." आता सुरुवात केलीच होती. "आमच्या वडलांनी पाच वर्षांचा असताना माझा डावा हात करदोड्याला बांधून टाकला. दोन महिने. डाव्या हातानं घास घेणारं पोरगं पंगतीत नको म्हणले. तवापासून उजव्यानं करतो सगळं. पण जोर डाव्यातच हाये. माळ्यावर, कपाटाच्या आत, जिथं कोणी बघत नाय तिथं हातोडा डाव्यानंच मारतो."

एवढं बोलून मला हलकं वाटलं. मोकळं वाटलं, खोटं कशाला सांगू. संस्कृती हसेल, पप्पा तुम्ही पण ना, असं काहीतरी म्हणेल, असं वाटत होतं. तिनं कागदाची चौघडी घातली आणि पर्समध्ये टाकली. मग माझ्याशी एक शब्द नाही. माझं काय चुकलं तेच कळेना. बापानं दुकानात घरातलं काढलं म्हणून लाजली असेल, असं मी समजलो.

सोमनाथ मात्र खुलला. "मंग सोपं हाय की! डाव्या हाताला डावी. ही बघा, हिचं पातं डाव्या बाजूला. आता नव्या मशीन बहुतेक अशाच येतात." मी पाहिलं, संस्कृतीनंही पाहिलं. डाव्याला डावी, यात विचारण्यासारखं काय होतं? तीच घेतली.

घरी येऊन दारापुढच्या अंगणात दोन घोड्या मांडल्या, प्लायचा उरलेला तुकडा टाकला, तीन फुटांची रेघ मारली. लक्ष्मीबाईला डावीकडे उभी करून कापून पडणारी पट्टी धरायला सांगितली. मशीन डाव्या हातात घेतली. काय सांगू, हात एवढा घट्ट होता! पन्नाशी उलटलेला माझा हात, आणि मी त्याला पहिल्यांदा दिवसाउजेडी काम दिलं होतं.

पण कापायला लागलो आणि रेघच दिसेना. मशीनचं पोट, म्हणजे मोटार, मध्ये येई. मान वाकडी केली, वाकलो, श्वास धरला. तीन फुटांत दोन सूत, म्हणजे पाव इंच, वाकडं गेलं. दुसरी रेघ, तेच. तिसरीला तर पातं अडकून मशीन मागं उसळली. लक्ष्मीबाई ओरडली.

मी बटण सोडून उभा राहिलो. नवी कोरी मशीन आहे, तिला नावं ठेवायची म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. तेव्हा दोष हाताचाच. वडील म्हणायचे, डावा हात धुवायचा, कापायचा नव्हे. म्हातारा बरोबर होता की काय? एक हात फाटलेला, दुसरा बिनकामाचा. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी मेव्हण्याला फोन लावायला खिशात हात घातला.

"आवो, पर मला तर रेघ लख्ख दिसायली," लक्ष्मीबाई म्हणाली. "पातं कवा रेघंवरून उतरलं तेबी दिसलं. तुमाला कसं दिसंना?"

"तू तिकडं उभी हायेस म्हणून," मी चिडून म्हणालो.

आणि बोललेलं माझं मलाच ऐकू आलं. गिऱ्हाईक म्हणतं, मिस्तरी, दार डावं करा. तीस वर्षांत मी एकदाही तसं लगेच केलेलं नाही. आधी विचारतो, आत उभं राहून डावं का बाहेर उभं राहून? कारण आतलं डावं ते बाहेरचं उजवं. हे न विचारणारा सुतार दार उलटं बसवून शिव्या खातो. आणि तोच मी दुकानात 'डाव्याला डावी' ऐकून मान डोलावून आलो. डाव्या हातात मशीन धरली की माणूस राहतो तिच्या उजव्या बाजूला. पातं डावीकडे असेल तर मध्ये मशीनचं पोट. ती उजव्या हाताच्या माणसांसाठीच केलेली होती. मला हवं होतं पातं उजवीकडे. या वेळी अंगणच वाकडं होतं!

पुन्हा स्कूटर, पुन्हा नगर नाक्याचा सिग्नल, पुन्हा मोंढा. संस्कृती स्कूटर चालवत होती, मी मागं. मी तिला सगळा शोध ओरडून सांगितला. ती नुसतं "हं" म्हणाली.

सोमनाथला समजावता समजावता मात्र मीच गोंधळलो. "डाव्या हाताला उजवी?" तो म्हणाला. "मामा, परत एकदा सांगा." मी मशीन डाव्या हातात धरली, तो समोर उभा राहिला, त्याला उलटं दिसलं. मग तो माझ्या मागं आला. मग आम्ही दोघं दुकानात गोल फिरलो. खिळे घ्यायला आलेला एक माणूसही आमच्याबरोबर फिरला आणि म्हणाला, "बरोबर बोल रहे चाचा." तेव्हा कुठं सोमनाथला पटलं. वापरलेली वस्तू परत घेत नाही, पण तुमची म्हणून घेतो, असं म्हणत त्यानं वरच्या फळीवरून धूळ बसलेला एक खोका काढला. पातं उजवीकडे. "ही कोणी नेईनाच," तो म्हणाला. "ज्यानं त्यानं धरून बघितली आन् ठेवून दिली."

चार वाजता पुन्हा घोड्या, पुन्हा रेघ. मशीन डाव्या हातात घेतली आणि खाली बघितलं, तर पातं आणि रेघ दोन्ही माझ्यासमोर उघडी. मी रेटलं. पातं रेघेवरून तीन फूट गेलं आणि पट्टी लक्ष्मीबाईच्या हातात पडली.

संस्कृती घरातून माझी मापाची लोखंडी पट्टी घेऊन आली. कापलेल्या कडेवर उभी धरून तिनं डोळा लावला, उजेड कुठून येतो का बघितलं. कंपनीत करते तसं, दोनदा.

"पास," ती म्हणाली.

मला एवढा आनंद झाला, की मी विचारूनच टाकलं, "मग सकाळपासून रुसून कायला बसलीस, बाई?"

ती पट्टी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "पप्पा, शाळेत जायच्या आधी मी डाव्या हातानं जेवायचे. तुम्ही ताटाशेजारी ही असली पट्टी घेऊन बसायचे."

लक्ष्मीबाईनं खाली बसून भुसा गोळा करायला सुरुवात केली.

"मला वाटायचं," संस्कृती म्हणाली, "पप्पांना काय माहीत, डाव्या हाताचं कसं असतं. म्हणून मारतात. मी तुम्हाला कधी दोष नाही दिला. पण तुम्हाला तर माहीत होतं."

विसरलो होतो, असं म्हणणार होतो. ते खोटं ठरलं असतं. तुझा हात कोणी बांधू नये म्हणून मारलं, असंही म्हणता आलं असतं, आणि त्यात थोडं खरंही होतं. पण तिच्या तोंडाकडं बघून तेही बोलवेना. चार-पाच वर्षांचं पोर, आणि त्या दुखण्याची जागा न् जागा ठाऊक असलेला मी त्याच्या बोटांवर पट्टी मारत होतो. मला स्वतःची शिसारी आली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे शब्द मी घरात आधी कधी वापरले असतील, असं मला वाटत नाही. कानावरची पेन्सिल काढून तिच्या डाव्या हातात दिली. "मार रेघ. आता कोण काय म्हणतं बघू."

तिनं पेन्सिल धरली. धरतानाच बोटं गोंधळली, कोणतं वर घ्यायचं ते तिला आठवेना. प्लायवर तिनं वीतभर रेघ ओढली. ती आधी वर गेली, मग थरथरत खाली आली, आणि मध्येच टोक मोडलं.

"येईल," मी म्हणालो. "माझा आला ना?"

"तुमचा गेलाच नव्हता, पप्पा. तुम्ही लपूनछपून वापरत होता." तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. "माझा खरंच गेला."

मग तिनं पेन्सिलीला टोक केलं, ती उजव्या हातात घेतली आणि म्हणाली, "सांगा, सोमवारची मापं काय आहेत." मी सांगत गेलो, ती लिहीत गेली.