कॉम्प्युटरमधला ह्रीं

जे. पी. नगरातल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात त्या रविवारी चपला काढायलाही जागा उरली नव्हती. सगळ्यांचे डोळे एका टेबलाकडे. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला जास्वंदीचा हार, आणि पडद्यावर कुणालाच न वाचता येणारा मजकूर. सुटी इंग्रजी अक्षरं, मध्येच टक्क्याचं चिन्ह, मध्येच आकडे. गेल्या आठवड्यापर्यंत तिथे स्वच्छ मराठी दिसत होतं.

"यंत्र बोलू लागलंय," भीमाचार्य म्हणाले. होसकोट्याच्या कारखान्यांतली बंद यंत्रं ते मंत्रानं चालू करतात, अशी त्यांची ख्याती. "दसऱ्याच्या आयुधपूजेला लेथला कुंकू, स्कूटरच्या चाकाखाली लिंबू. आणि ह्याला काय? काही नाही. वर त्याच आठवड्यात नवी सिस्टिम चढवलीत. उपाशी देवता दुसरं काय करणार?"

त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "एच, आर, एम. बघा, प्रत्येक ओळीच्या शेवटी. ह्रीं. देवीचा बीजमंत्र, साक्षात मायाबीज."

पन्नास डोकी वाकली. मंडळाचे अध्यक्ष दामोदर सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, विमानाचे सुटे भाग तपासायचे. त्यांचंही डोकं वाकलं.

मागे कपाटाला टेकून ग्रंथपाल विश्वासराव उभे होते. पडद्यावर होता तो त्यांचा शब्दकोश. इथल्या जुन्या मराठी घरांतली, तीनशे वर्षं कानडीत मुरलेली बोली त्यांनी म्हाताऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरात बसून नऊ वर्षं टिपली होती. चार हजार शब्द. सगळं टाइप झाल्यावर दामोदर म्हणाले होते, "काका, कॉम्प्युटर काही विसरत नाही. ती कार्डांची खोकी काढून टाका, उंदीर होतात." विश्वासरावांनी कार्डं रद्दीत दिली. मग नवी सिस्टिम चढवताना जागा हवी म्हणून कोश दोन फ्लॉप्यांवर काढून घेतला. आता जे होतं ते, पडद्यावर दिसत होतं तेसुद्धा, त्या दोन फ्लॉप्यांवरच.

ओळीच्या शेवटी, हे त्यांच्या मनात अडकून राहिलं. ओळीच्या शेवटी तर मी 'कन.' लिहितो, शब्द कन्नडमधून आला एवढंच सांगायला. पण आपल्याला ह्या यंत्रातलं काय कळतं, असं वाटून ते गप्प बसले.

आचार्यांनी उपाय सांगितला. पडद्यावरचं पान छापून घरोघरी दारावर लावायचं, आणि दोन्ही फ्लॉप्या तीन दिवस त्यांच्या तांब्याच्या 'आकर्षण-संपुटा'त ठेवायच्या. संपुट सगळा दोष ओढून घेईल.

"त्या डब्यात..." विश्वासराव पुटपुटले.

"काय म्हणालात, काका?" दामोदरांनी विचारलं.

"काही नाही."

डब्याला लाल दोरा बांधला गेला.

तीन दिवस भरले त्या सकाळी अंबुबाई विश्वासरावांच्या घरी आल्या. तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होत्या. हातात दोन कागद.

"अण्णा, स्वल्प इकडं बघा. हे पान तुम्हीच मला महिन्यामागं तपासायला दिलेलं. आणि हे माझ्या सुनेनं दारावर लावलेलं, आचार्यांचं. एकच पान आहे. सव्वीस ओळी इथं, सव्वीस तिथं. जिथं तुमचा क, तिथं एच. जिथं न, तिथं आर. टिंबाला एम. कुठंच चुकत नाही."

विश्वासरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मराठी मशीनचं काम इंग्रजी मशीनवर बडवलं तर काय होतंय? कळ तीच, ठसा निराळा. तुमची मराठी अक्षरं जुन्या सिस्टिममध्ये होती, नवीत कुणी घातलीच नाहीत. सून म्हणाली, त्याला फॉन्ट म्हणतात."

"म्हणजे ह्रीं..."

"तुमचं 'कन.' हो. सगळं जे. पी. नगर दाराला कन्नड, कन्नड लावून बसलंय."

विश्वासराव चार दिवसांत प्रथमच हसले. "मग कोश आहे."

"असणारच की. फॉन्ट घाला, वाचा."

दोघं वाचनालयात पोचली तेव्हा दोरा सुटला होता. दामोदरांनी फ्लॉपी घातली. यंत्र थोडा वेळ घरघरलं. ही फ्लॉपी वाचता येत नाही, नव्यानं तयार करायची का, असा प्रश्न पडद्यावर आला. दुसरीचंही तेच.

"गेला," भीमाचार्य म्हणाले. "दोष समूळ गेला. एक अक्षर उरलं नाही."

लोकांनी हात जोडले.

अंबुबाईंनी केसांतली लोखंडी पिन काढून डब्याच्या तळाशी धरली. पिन टचकन चिकटली. "तांब्याला पिन चिकटत नाही, आचार्य." त्यांनी तळाचा पत्रा उचकटला. खाली स्पीकरमधलं तळहाताएवढं लोहचुंबक होतं.

दामोदर जमिनीकडे बघत म्हणाले, "फ्लॉपीवरचं लिखाण म्हणजे चुंबकाच्याच खुणा. मोठं चुंबक जवळ राहिलं की पुसल्या जातात. हे मला ठाऊक होतं."

"चुंबक म्हणजेच आकर्षण. मी कुठं खोटं बोललो?" आचार्यांनी डबा पिशवीत टाकला. निम्म्या लोकांनी माना डोलावल्या.

शब्द सांगणाऱ्या सात जणींपैकी पाच आता हयात नाहीत. चार हजारांतले सव्वीस शब्द उरले, अंबुबाईंच्या कागदावर. विश्वासरावांनी दोन्ही पानं वाचनालयाच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावली आणि खाली हातानं लिहिलं: 'दोन्ही पानं ताडून पाहा. हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा. प्रश्न चुकला तर लोक हसतील, त्याहून जास्त काही होणार नाही. मी विचारला नाही, त्याचं काय झालं ते इथे आहे.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालय उघडलं, तेव्हा न वाचता येणाऱ्या पानाला कुणीतरी कुंकू लावून गेलं होतं.