नळात कोंबलेली रेती

धाकटा वर चढला की थोरल्याच्या पोटात दुखतं, हे जव्हारच्या बाजारात कुणाला शिकवावं लागत नाही. गुलामच्या तर नुसत्या पोटात नव्हे, सगळ्या अंगात दुखत होतं. कल्हईचं दुकान त्याचं, धाकट्या दाऊदला हातोडी धरायला शिकवलं त्यानं, आणि टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी लोखंडी नळाने बाजारच्या हौदात आणायचं काम संस्थानाने दिलं ते दाऊदला! घर एकच, चूल एकच. तरी जेवताना गुलाम त्याच्याकडे पाठ करून बसे.

दोन पावसाळ्यांत नळ आतून शेवाळला आणि धार बारीक झाली. लोक कुरकुरू लागले. गुलामला बरं वाटलं, पण तेवढ्याने त्याचं समाधान होईना. धार पुरती बंद पडली तर संस्थानाचे कारभारी दाऊदला हाकलतील आणि नळ आपल्या हाती येईल, असा त्याने हिशेब मांडला. एका दुपारी दाऊद खोडाळ्याच्या बाजाराला गेलेला पाहून हा टेकडीवर चढला आणि ओढ्यातली रेती पाट्या भरभरून नळाच्या तोंडात कोंबली. आता हा माणूस रोज पातेल्यात रेती टाकून, पायाने गरागरा घासून भांडी लखलखीत करणारा! पण मत्सर डोक्यात शिरला की रोजचं कसबही आठवत नाही.

टेकडीचा उतार उभा, पाणी वेगाचं. त्याने रेतीला बसूच दिलं नाही. आपला जोर देऊन तिला पुढे ढकललं, आणि रेतीने तो जोर नळाच्या अंगावर काढला. शेवाळ, गंज, सगळं खरवडून निघालं. आधी हौदात काळा गाळ आला, मग संध्याकाळी, दाऊद बाजारातून परतला तेव्हा, अशी धार कोसळली की हौदावर पाणी भरणाऱ्या काळी नावाच्या बाईच्या हातातला हंडा निसटला.

"ओ दाऊद, पानी वाढला रं!" ती ओरडली.

बातमी कारभाऱ्यांपर्यंत गेली. ते हौदावर आले ते दाऊदसाठी मानाचं पागोटं घेऊनच. दाऊद मात्र मागे सरला.

"साहेब, यात माझं काही नाही. हौदाच्या तळाशी रेती सापडली. कुणीतरी वरून टाकली असणार. पाण्याने रेती पळवली, रेतीने नळ घासला. ज्याला हे सुचलं तो माझ्याहून हुशार. पागोटं त्याचं."

गर्दी "वा, वा" करू लागली. त्या बिननावाच्या शहाण्याचा गुलामला असा हेवा वाटला की त्याला राहवेना. तो शहाणा आपणच, हे ठाऊक असूनही जळफळाट काही कमी होईना.

"मी टाकली रेती! मी!"

पागोटं त्याच्या डोक्यावर चढलं. दाऊद तर आनंदाने त्याला बिलगला. "भाई, मला बोलला का नाहीस? आणि माप कसं धरलंस? जरा जास्त झाली असती तर नळ तुंबलाच असता."

कालच्या पोराने आपल्याला अक्कल शिकवावी? गुलाम भडकला. "जरा जास्त? अरे, तोंड बुजेपर्यंत कोंबली होती मी! तुझं नशीब म्हणून वाहून गेली!"

दाऊदची मिठी सुटली. लोक अजून टाळ्या पिटत होते, कुणाच्या काही ध्यानात आलं नव्हतं. त्याने भावाचं कललेलं पागोटं सरळ केलं आणि हळू आवाजात म्हणाला, "भाभीला सांग, आजपासून माझी भाकरी थापू नका."